मोटरची घुरघुर कशी थांबवायची: स्लायडिंग मोड कंट्रोलमधलं चॅटरिंग, बेंचवर एकेक पायरीने

गुरुवारी भोसरी एमआयडीसीला सुट्टी असते. शेजारचा पॉवर प्रेस थांबलेला, लेथ बंद, आणि अशा शांततेत टेस्ट बेंचवरची मोटर काय सांगते ते नीट ऐकू येतं. इंटर्नशिपला आलेल्या एका मुलाने अशाच एका गुरुवारी स्लायडिंग मोडचा कोड ड्राइव्हमध्ये (मोटरला करंट पुरवणाऱ्या कंट्रोलरमध्ये) चढवला आणि १००० आरपीएमची कमांड दिली. स्क्रीनवरची वेगाची रेघ सरळ होती. मोटर मात्र डबीत कोंडलेल्या भुंग्यासारखी घुरघुरत होती आणि बेंचच्या पत्र्यावर तळहात टेकवला तर मुंग्या आल्यासारखं वाटत होतं.

"सर, सिम्युलेशनमध्ये असलं काहीच नव्हतं."

"स्क्रीनवर किती वेळाची सरासरी दाखवतोयस?"

"शंभर मिलिसेकंदांची."

म्हणजे जे बघायचं होतं तेच सरासरीत पुसलं जात होतं. पुढच्या वीसेक मिनिटांत एन्कोडरच्या (शाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरच्या) कपलिंगचा ग्रब स्क्रू सैल झाला, वेगाचं मोजमाप भरकटलं आणि ड्राइव्ह ओव्हरकरंटवर ट्रिप झाला. चॅटरिंग म्हणजे केवळ आवाजाचा त्रास, असं समजणाऱ्यांना मी तो स्क्रू दाखवतो. हलत्या करंटने वाइंडिंग तापतं, बेअरिंग झिजतं, स्क्रू सुटतात.

हा लेख त्या बेंचवर आम्ही कोणत्या क्रमाने गेलो त्याचा आहे. क्रमावर माझा फार भर आहे. बहुतेक जण थेट सुपर-ट्विस्टिंगवर (स्लायडिंग मोडच्या पुढच्या रूपावर, ते पायरी ५ मध्ये येतं) उडी मारतात, आणि मग तेही घुरघुरतं तेव्हा अल्गोरिदमला दोष देतात.

आधी थोडं मुळाशी

स्लायडिंग मोडची कल्पना सोव्हिएत युनियनमध्ये १९५० आणि ६० च्या दशकांत एमेल्यानोव्ह, उत्किन आदींच्या कामातून घडली. कल्पना सरळ आहे: हवा तो वेग आणि खरा वेग यांतली चूक घ्या. चूक धन असेल तर पूर्ण जोराने एका बाजूला ढकला, ऋण असेल तर पूर्ण जोराने दुसऱ्या बाजूला. तो जोर लोडच्या कमाल धक्क्यापेक्षा मोठा असला की चूक शून्यावर येते आणि तिथेच राहते, मग लोड कितीही हलो. मोटर ड्राइव्हला ही पद्धत आवडते ती याच कणखरपणामुळे.

गोम अशी की "शून्यावर राहणं" म्हणजे दिशा अनंत वेगाने बदलत राहणं. खऱ्या ड्राइव्हमध्ये करंट लूपला (करंट कमांडइतका करणाऱ्या आतल्या कंट्रोलरला) वेळ लागतो, वेग मोजायला वेळ लागतो, प्रोसेसर ठरावीक ठोक्यांवरच चालतो. चूक शून्य ओलांडते, पण ही बातमी कंट्रोलरपर्यंत पोचून त्याचा टॉर्क शाफ्टवर येईपर्यंत ती पलीकडे जाऊन पडलेली असते. मग उलटा जोर, पुन्हा उशीर, पुन्हा पलीकडे. हेच चॅटरिंग.

यातून एक छोटा हिशोब निघतो आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. एकूण उशीर आणि स्विचिंग गेन (म्हणजे पूर्ण जोर, त्वरणाच्या एककात) माहीत असले, तर चॅटरिंगची उंची साधारण गेन गुणिले उशीर आणि त्याचा एक फेरा साधारण चार उशिरांएवढा.

बेंचचे आकडे

आकडे गोल करून घेतो. पीएमएसएम (कायम चुंबकाची सिंक्रोनस) मोटर, २०० वॉटच्या वर्गातली, ३००० आरपीएम. रेटेड करंट ५ अँपिअर, टॉर्क कॉन्स्टंट ०.१२ न्यूटन-मीटर प्रति अँपिअर, म्हणजे रेटेड टॉर्क ०.६ न्यूटन-मीटर. फ्लायव्हील धरून इनर्शिया (फिरण्यातलं जडत्व) ०.०००४ किलोग्रॅम-चौरस मीटर. टॉर्क कॉन्स्टंट भागिले इनर्शिया केलं की ३०० येतात: एक अँपिअर करंट शाफ्टला ३०० रेडियन प्रति सेकंद वर्ग त्वरण देतो. पूर्ण लोडचा धक्का याच एककात १५०० होतो. त्याच्यावर मात करायची म्हणून मुलाने स्विचिंग गेन २००० धरला होता. पुस्तकाप्रमाणे बरोबरच. पण २००० भागिले ३०० म्हणजे ६.७ अँपिअर, करंटची कमांड प्रत्येक वेळी उणे ६.७ वरून अधिक ६.७ वर उडी मारत होती, तीही रेटेड ५ अँपिअरच्या मोटरवर.

पीडब्ल्यूएम (इन्व्हर्टरचं स्विचिंग) १० किलोहर्ट्झ, करंट लूपची बँडविड्थ साधारण ८०० हर्ट्झ, एन्कोडर २५०० लाइनचा, क्वाड्रेचरने (एका लाइनचे चार काउंट धरून) फेऱ्याला १०,००० काउंट.

पायरी १: ते खरंच चॅटरिंग आहे का?

घुरघुरीची कारणं अनेक असतात आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. वेगाचा आणि क्यू-अक्षाच्या करंटचा (टॉर्क देणाऱ्या भागाचा) डेटा सरासरी न काढता, प्रत्येक ठोक्याला बफरमध्ये भरून घ्या आणि त्यातली वारंवारता काढा. मग तीन गोष्टी करून बघा.

मोटरचा वेग बदला. वारंवारता वेगाबरोबर वाढली तर दोष कॉगिंगचा (चुंबक आणि स्टेटरच्या दातांमधल्या ओढीचा), कपलिंगच्या अलाइनमेंटचा किंवा इन्व्हर्टरच्या डेड-टाइमचा (दोन स्विचच्या अदलाबदलीत मुद्दाम ठेवलेल्या क्षणभराच्या खंडाचा). डेड-टाइमची खूण ओळखू येते: करंटच्या लहरी विद्युत वारंवारतेच्या सहापट वारंवारतेने येतात. यावर स्लायडिंग मोड बदलून उपयोग नाही, डेड-टाइम कॉम्पेन्सेशन करा.

स्विचिंग गेन निम्मा करा. वारंवारता साधारण तीच राहून लहरींची उंची निम्म्यावर आली, तर ते चॅटरिंगच.

मुद्दाम एक-दोन ठोक्यांचा जादा उशीर घाला. वारंवारता खाली आली तर शिक्कामोर्तब. यांत्रिक रेझोनन्स असता तर वारंवारता जागची हलली नसती.

हे करताना करंट लिमिट रेटेडच्या आसपास खाली आणून ठेवा आणि गार्ड काढू नका. कंपन हाताने तपासायचं असेल तर बेंचच्या पायावर तपासा, फिरत्या भागाजवळ नाही.

पायरी २: उशीर मोजा आणि छाटा

सगळ्यात जास्त फायदा इथे मिळतो, आणि सगळ्यात कमी लक्ष इथेच दिलं जातं.

आमच्या बेंचवर उशिराची बेरीज अशी निघाली. करंट लूप ८०० हर्ट्झ, म्हणजे ०.२ मिलिसेकंद. वेग १ मिलिसेकंदाच्या खिडकीत काउंट मोजून काढलेला, म्हणजे सरासरी ०.५ मिलिसेकंद मागे. ठोक्याचे ०.१. बेरीज ०.८ मिलिसेकंद. पण मुलाने "वेगात नॉइज दिसतो" म्हणून त्यावर १०० हर्ट्झचा लो-पास फिल्टर चढवला होता, त्याचे १.६ मिलिसेकंद वेगळे. एकूण २.४.

आता वहीतला हिशोब लावा. २००० गुणिले ०.००२४ म्हणजे ४.८ रेडियन प्रति सेकंद, जवळपास ४६ आरपीएमची लहर दोन्ही बाजूंना, आणि फेरा ९.६ मिलिसेकंदांचा, म्हणजे साधारण १०४ हर्ट्झ. फिल्टरचा उशीर शुद्ध उशिरासारखा नसतो, तेव्हा आकडा ढोबळच. तरी बफरमधला शिखरबिंदू त्याच्या आसपासच सापडला. चॅटरिंग दिसतं म्हणून फिल्टर लावला आणि फिल्टरमुळे चॅटरिंग तिप्पट झालं, असा तो प्रकार. फिल्टर काढल्यावर उशीर ०.८ वर, लहर १५ आरपीएमवर, वारंवारता ३१० हर्ट्झच्या वर.

मग फिल्टर नको तर खिडकी छोटी करूया, असं वाटेल. इथे एन्कोडर आडवा येतो. फेऱ्याला १०,००० काउंट असताना ०.१ मिलिसेकंदाच्या खिडकीत एक काउंट म्हणजे तब्बल ६० आरपीएम. १ मिलिसेकंदाच्या खिडकीत तोच ६ आरपीएम होतो. छोट्या खिडकीत वेग एका काउंटच्या फरकाने वर-खाली नाचतो आणि सिग्नम फंक्शन (चूक धन की ऋण एवढंच बघणारं) त्या नाचाच्या चिन्हावर पूर्ण ६.७ अँपिअर लावून बसतं. यातून सुटायची वाट पुढच्या पायरीत आहे.

त्याआधी दोन साध्या दुरुस्त्या. एडीसीचं सॅम्पलिंग (करंटचं डिजिटल मोजमाप) पीडब्ल्यूएमच्या बरोबर मध्यावर होतंय ना ते तपासा. आणि करंट लूपचा पीआय कंट्रोलर नीट ट्यून केल्याशिवाय बाहेरच्या लूपला हात लावू नका. आतला लूप सुस्त असताना बाहेर कितीही हुशारी केली तरी पालथ्या घड्यावर पाणी.

पायरी ३: अज्ञात कमी करा, म्हणजे गेन आपोआप कमी होईल

स्विचिंग गेन एवढा मोठा का लागतो? कारण लोडविषयी आपण काहीच माहीत नाही असं धरतो. ते खरं नाही. मोटरला किती करंट दिला ते आपल्याला माहीत आहे, शाफ्ट किती फिरला ते एन्कोडर सांगतो. दोन्हींतला मेळ बसत नसेल तर जो फरक उरतो तोच लोड. हा फरक चालू असतानाच काढत राहणारा ऑब्झर्व्हर लिहा. तोच ऑब्झर्व्हर वेगाचा कमी उशिराचा अंदाजही देतो, म्हणजे एका दगडात दोन पक्षी.

प्रत्येक ०.१ मिलिसेकंदाच्या ठोक्याला इतकंच करायचं:

फरक = मोजलेला_कोन − अंदाज_कोन
अंदाज_कोन += ठोका × (अंदाज_वेग + ९०० × फरक)
अंदाज_वेग += ठोका × (३०० × करंट + अंदाज_लोड + २,७०,००० × फरक)
अंदाज_लोड += ठोका × (२,७०,००,००० × फरक)

तिन्ही पोल (ऑब्झर्व्हरचा अंदाज किती झपाट्याने जुळतो ते ठरवणारे आकडे) ३०० रेडियन प्रति सेकंदावर ठेवले की गेन अनुक्रमे तीनदा ३००, तीनदा ३०० चा वर्ग आणि ३०० चा घन येतात. वरचे आकडे तेच. कोनाच्या वजाबाकीत पूर्ण फेऱ्याचा सांधा सांभाळा, नाहीतर शून्य ओलांडताना फरक अचानक ६.२८ होईल आणि ऑब्झर्व्हर उधळेल. आणि 'करंट' म्हणजे मोजलेला क्यू-अक्षाचा करंट, कमांड नव्हे. करंट लिमिट लागते तेव्हा या दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

काउंटचं काय झालं ते बघा. एक काउंट म्हणजे ०.०००६२८ रेडियन. त्याने अंदाज_वेग एका ठोक्यात जेमतेम ०.०१७ रेडियन प्रति सेकंद हलतो. मघाशी तोच काउंट ६.२८ रेडियन प्रति सेकंदाची उडी दाखवत होता.

आता कंट्रोलरमध्ये अंदाज_लोड आधीच वजा करून टाका. स्विचिंग गेनला मग संपूर्ण लोड सोसायचा नसतो, फक्त अंदाज चुकला तेवढाच भाग. तो समजा २०० असेल, तर गेन ३०० पुरतो. करंटची उडी ६.७ वरून १ अँपिअरवर आली. अजून सिग्नमला हातही लावलेला नाही.

इनर्शियाचा आकडा खूप चुकला तर हा ऑब्झर्व्हरही चुकतो. त्यामुळे एकदा ठरावीक करंट देऊन वेग कसा चढतो ते नोंदवा आणि इनर्शिया मोजून घ्या. डेटाशीटमधला आकडा फक्त रोटरचा असतो, तुमच्या कपलिंगचा आणि पुलीचा नसतो.

पायरी ४: सिग्नमची धार बोथट करा

सिग्नम शून्यावर कड्यासारखा तुटतो. त्याजागी एक उतार द्या: चूक एका पट्ट्याच्या आत असेल तर चूक जेवढी त्या प्रमाणात जोर, पट्ट्याबाहेर पूर्ण जोर. याला बाउंडरी लेयर म्हणतात.

पट्टा किती रुंद? "०.१ घे, चाललं तर बघ" अशी उत्तरं कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये भरपूर दिसतात. त्याची गरज नाही. पट्ट्याच्या आत हा साधा प्रपोर्शनल कंट्रोलर आहे आणि त्याचा गेन म्हणजे स्विचिंग गेन भागिले पट्टा. या गेनला उशिराने गुणलं की येणारा आकडा १.५७ च्या पुढे गेला तर लूप अस्थिर होतो. मी ०.५ वर थांबतो. म्हणजे पट्टा = २ × गेन × उशीर.

ऑब्झर्व्हरमुळे उशीर खरं तर ०.८ च्या खाली येतो, पण हिशोबात मी ०.८ च धरतो. इनर्शिया थोडा चुकला, तापमानाने चुंबकाचा फ्लक्स उतरला, तर ही सवलत कामी येते.

ऑब्झर्व्हर नसताना: पट्टा २ × २००० × ०.०००८ = ३.२ रेडियन प्रति सेकंद. पूर्ण लोडवर उरणारी चूक १५०० × ३.२ ÷ २००० = २.४, म्हणजे २३ आरपीएम. ऑब्झर्व्हर असताना: पट्टा ०.४८, उरणारी चूक ०.३२, म्हणजे ३ आरपीएम, आणि तीसुद्धा लोड बदलल्यानंतरच्या काही मिलिसेकंदांपुरती. गणित उलगडून बघितलंत तर उरणारी चूक म्हणजे अज्ञात धक्का गुणिले दुप्पट उशीर; त्यात स्विचिंग गेन कुठेच उरत नाही. बाउंडरी लेयर घेतल्यावर अचूकता गेन वाढवून मिळत नाही. ती उशीर छाटून किंवा अज्ञात कमी करूनच मिळते. पायरी २ आणि ३ आधी का, ते यात आहे.

कंट्रोलच्या सूत्रात चूक जेवढी त्या प्रमाणातलं वेगळं पदही असेल (एक्स्पोनेन्शियल रीचिंग लॉमध्ये असतं), तर त्याचा गेन याच ०.५ च्या कोट्यात मोजा. ते पद १०० असेल तर पट्टा ०.४८ ऐवजी ०.५७ करा.

चूक = हवा_वेग − अंदाज_वेग
जोर = ३०० × मर्यादा(चूक ÷ ०.५७, −१, +१)
करंट_कमांड = (हवा_त्वरण − अंदाज_लोड + १०० × चूक + जोर) ÷ ३००

शेवटचा ३०० भागाकार टॉर्क कॉन्स्टंट आणि इनर्शियाचा आहे, वरचा ३०० स्विचिंग गेन. आकडे योगायोगाने सारखे आले आहेत, कोडमध्ये दोन वेगळी नावं ठेवा. आम्ही एकच ठेवलं होतं आणि गेन ट्यून करताना अर्धा दिवस भलत्याच वाटेला गेलो.

डिस्क्रीट वेळेतला, म्हणजे प्रोसेसरच्या ठोक्याठोक्याने चालणारा, स्लायडिंग मोड हा स्वतंत्र आणि खोल विषय आहे. पवईच्या आयआयटीत प्रा. बी. बंद्योपाध्याय यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. मराठी मुलखात राहून या विषयात पुढे शिकायचं असेल त्यांनी ते आवर्जून वाचावं.

पायरी ५: तरीही पुरत नसेल तर सुपर-ट्विस्टिंग

बहुतेक पंप, पंखे, कन्व्हेअरला पायरी ४ वरच काम भागतं. लोड सतत आणि भराभर बदलत असेल, जसं स्पिंडल किंवा रोबोचा सांधा, तिथे सुपर-ट्विस्टिंगचा विचार करा. लेव्हांट यांनी १९९३ मध्ये ते मांडलं. यात तुटक सिग्नम थेट करंटमध्ये जात नाही, इंटिग्रेटरमधून जातो, म्हणून कमांड अखंड राहते.

साठा += ठोका × के२ × सिग्नम(चूक)
जोर = के१ × वर्गमूळ(|चूक|) × सिग्नम(चूक) + साठा

गेन निवडायला धक्क्याची उंची लागत नाही, तो किती झपाट्याने बदलतो ते लागतं. आमच्याकडे अर्धा लोड, म्हणजे ७५०, साधारण २० मिलिसेकंदांत चढतो: बदलाचा दर ३७,५००. के२ या दराच्या १.१ पट, ४१,२५०. के१ याच दराच्या वर्गमुळाच्या दीडपट, साधारण २९०. एका ठोक्यात साठा ४.१ ने सरकतो, म्हणजे करंट ०.०१४ अँपिअरने. सुरुवातीच्या ६.७ अँपिअरच्या उडीशेजारी हा आकडा ठेवून बघा.

पण वर्गमुळाचा उतार शून्याजवळ उभा असतो. १ मिलिसेकंदाच्या खिडकीतून काढलेला वेग वापरलात तर एक काउंट ०.६३ रेडियन प्रति सेकंद, त्याचं वर्गमूळ ०.७९, गुणिले २९० म्हणजे २३०: पाऊण अँपिअरची उडी, प्रत्येक काउंटला. सुपर-ट्विस्टिंग बसवूनही मोटर घुरघुरते अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांचं मोजमाप मी आधी तपासतो, आणि बहुतेकदा दुखणं तिथेच सापडतं. हे अल्गोरिदम ऑब्झर्व्हरच्या वेगावरच चालवा. आणि करंट लिमिट लागली की साठा गोठवा, नाहीतर तो फुगतो आणि लिमिट सुटल्यावर मोटर वेग ओलांडून पळते.

सेन्सरलेस (एन्कोडरशिवाय चालणाऱ्या) ड्राइव्हमधल्या स्लायडिंग मोड ऑब्झर्व्हरबद्दल थोडक्यात: तिथे सिग्नमऐवजी सिग्मॉइड (गुळगुळीत उताराचं फंक्शन) वापरतात आणि बॅक-ईएमएफवर (फिरत्या मोटरमध्ये तयार होणाऱ्या व्होल्टेजवर) लो-पास फिल्टर लावतात. फिल्टरने कोन मागे पडतो. चार पोल-जोड्यांची मोटर १५०० आरपीएमवर, म्हणजे १०० हर्ट्झवर असताना २०० हर्ट्झचा फिल्टर कोन २६.६ अंशांनी मागे टाकतो. वेगाप्रमाणे तो कोन परत मिळवायला विसरू नका.

पायरी ६: बेंचवर पारखून घ्या

शून्यावरून रेटेड वेग, मग उलटी दिशा. अचानक लोड लावणं आणि काढणं. ५० आरपीएमचा रांगता वेग, कारण घर्षणाचे आणि काउंटचे सगळे चाळे तिथेच उघडे पडतात. मग फ्लायव्हील काढून, कोडमध्ये काहीही न बदलता, हेच सगळं पुन्हा. फ्लायव्हीलशिवाय मोटर हलकी होते आणि प्रत्यक्ष लूप गेन वाढतो, ०.५ चा कोटा पाळला होता की नव्हता ते इथे कळतं. घुरघुर परत आली तर पट्टा रुंद करा किंवा इनर्शिया कमाल आणि किमान यांच्या मधला धरा.

प्रत्येक चाचणीत करंटच्या लहरींचा आरएमएस, स्थिर वेगावरची चूक आणि एका तासानंतर बॉडीचं तापमान लिहून ठेवा. स्कोपवरचं चित्र बघून "छान दिसतंय" म्हणणं पुरेसं नाही.

आणखी एक काम आम्ही तेव्हापासून करतो. चाचणीआधी एन्कोडर कपलिंगच्या ग्रब स्क्रूला थ्रेडलॉक लावतो आणि स्क्रूच्या डोक्यावरून कपलिंगवर उतरणारी लाल रंगाची बारीक रेघ ओढतो. तासाभराने मोटर थांबवून, सप्लाय काढून, टॉर्चने ती रेघ बघतो. पुढच्या गुरुवारी त्या मुलाने ती स्वतः बघितली. रेघ एकसंध होती.